खांडबाऱ्याच्या वर्गात युरोप कशासाठी?

आठवीच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकातील ‘युरोप आणि भारत’ हे प्रकरण आम्ही गेली अनेक वर्षे शिकवीत आलो आहोत. ऑटोमन तुर्कांनी १४५३ मध्ये कॉन्स्टॅन्टिनोपल जिंकले, खुष्कीचे व्यापारी मार्ग अवघड झाले, जलमार्गांचा शोध सुरू झाला, वास्को-द-गामा १४९८ मध्ये कालिकतला पोहोचला; मग प्रबोधन, १७८९ ची फ्रेंच राज्यक्रांती, औद्योगिक क्रांती. चार तासिकांत युरोप संपतो. मुले सनावळी पाठ करतात, आम्ही वह्या तपासतो, आणि युरोप पुन्हा भिंतीवरच्या नकाशात वरच्या बाजूला जाऊन बसतो. तेथे तो वर्षभर कुणाला त्रास देत नाही.

एका वर्षी मात्र त्याने आम्हांला त्रास दिला. आजच्या युरोपात बहुतेक देशांच्या सीमांवर पहारे उरलेले नाहीत, असे वाक्य आम्ही ओघात बोलून गेलो, तेव्हा मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, “सर, मग एका देशातून दुसऱ्या देशात कामाला गेलं, तर तिकडे दाखला चालतो का?” तिचे आईवडील त्या दिवसांत बारडोलीकडे ऊसतोडीला गेलेले होते. दिवाळी झाली की कोयते घेऊन निघायचे आणि उन्हाळा लागला की परतायचे, हा आपल्या भागातील कित्येक कुटुंबांचा क्रम. मुलीला फ्रान्स-जर्मनीचे फारसे कौतुक नव्हते. तिला नवापूर आणि उच्छल यांच्याविषयी विचारायचे होते. आम्ही त्या दिवशी तिला नीट उत्तर देऊ शकलो नाही. प्रस्तुत लेख हा त्या अपुऱ्या उत्तराचा उर्वरित भाग आहे. आपल्या शाळेच्या स्मरणिकेत तो प्रसिद्ध व्हावा, असे आम्हांस वाटले, कारण तो प्रश्न याच शाळेत विचारला गेला.

प्रथम उत्तरच देऊ. दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या युरोपात ९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रोबेर शूमान यांनी एक प्रस्ताव मांडला: फ्रान्स आणि जर्मनी यांचा कोळसा आणि पोलाद एका सामाईक व्यवस्थेखाली आणावे. ज्या दोन वस्तूंपासून तोफा बनतात, त्या दोन्ही सामाईक झाल्या की परस्परांवर तोफा डागणे अवघड होईल, असा साधा हिशेब त्यामागे होता. सहा देशांनी केलेला हा आरंभ वाढत गेला. ७ फेब्रुवारी १९९२ रोजी मास्त्रिख्त येथे करार झाला आणि १ नोव्हेंबर १९९३ पासून ‘युरोपीय नागरिकत्व’ ही कायदेशीर वस्तू अस्तित्वात आली. संघातील कोणत्याही देशाचा नागरिक हा त्याबरोबरच संघाचाही नागरिक ठरतो. पोलंडचा गवंडी जर्मनीत जाऊन काम करू शकतो, तेथे राहू शकतो, आणि ज्या गावात तो राहतो त्या गावच्या नगरपालिकेच्या निवडणुकीत मत देऊ शकतो, उमेदवार म्हणून उभाही राहू शकतो. परक्या खंडात तो अडचणीत सापडला आणि तेथे पोलंडचा दूतावास नसला, तर संघातील दुसऱ्या एखाद्या देशाच्या दूतावासाने त्याला साहाय्य करावयाचे असते. आज या संघात २७ देश आणि २४ अधिकृत भाषा आहेत. त्यांचे ब्रीदवाक्य ‘विविधतेत एकता’ हेच आहे. ते ऐकून आमचा वर्ग हसला, हे तर आपलेच.

तेव्हा त्या मुलीला उत्तर असे: होय, पुष्कळसे दाखले चालतात. आणि आता तिचा खरा प्रश्न: आपल्याकडे काय चालते?

खांडबाऱ्याला गाडीत बसून सुरतेच्या दिशेने निघाले, की चिंचपाडा मागे पडून नवापूर येते. नवापूरचे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. फलाटावरील एका बाकाच्या मधून दोन राज्यांची सीमा जाते आणि त्यावर तसे रंगवून ठेवले आहे. लोक त्यावर बसून छायाचित्रे काढतात. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्थानकप्रमुखांची कचेरी गुजरातेत, घोषणा मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांतून. बाकाच्या एका टोकाला दारूबंदी आहे, दुसऱ्या टोकाला नाही. आपल्या मुलांना हे स्थानक पाठ आहे. परंतु ते आम्ही नागरिकशास्त्राच्या तासाला कधी आणले नव्हते, ही चूक आमची.

ही रेषा १ मे १९६० ची. त्या दिवशी द्विभाषिक मुंबई राज्याचे विभाजन झाले आणि त्या वेळच्या पश्चिम खानदेश जिल्ह्यातील नवापूर, नंदुरबार, तळोदा व अक्कलकुवा या तालुक्यांतील कित्येक गावे गुजरातकडे गेली. गावे गेली, पण सोयरीक गेली नाही. आजही लग्नाची बोलणी उच्छल-निझरकडे होतात, मावची बोलणारी आजी सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच गोष्ट सांगते, आणि उकाई धरणाचे फुगलेले पाणी कोणत्या राज्याचे हे पाण्याला ठाऊक नसते. त्याही आधीची एक गोष्ट मुलांना सांगितली पाहिजे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारच्या चौकात गोळ्या झेलून पडलेला शाळकरी शिरीषकुमार ज्या घोषणा देत होता, त्या गुजराती होत्या. त्याचे स्मारक महाराष्ट्रात आहे, तो आपला आहे, आणि त्याची मातृभाषा गुजराती होती. या तीन वाक्यांत कुणालाही विसंगती वाटू नये, इतके नागरिकशास्त्र आमच्या मुलांना आले तरी पुष्कळ झाले.

भारतीय संविधानाचा अनुच्छेद १९ प्रत्येक नागरिकाला देशभर संचार करण्याचे आणि कोठेही स्थायिक होण्याचे स्वातंत्र्य देतो. युरोपाला जे १९९३ मध्ये करारान्वये मिळाले, त्याचा गाभा आपल्याकडे २६ जानेवारी १९५० पासून आहे, आणि ही गोष्ट अभिमानाने शिकविण्यासारखी आहे. परंतु अभिमानापाशी थांबलो, तर त्या मुलीची फसवणूक होईल. माणूस सीमा ओलांडतो. त्याचे सगळे हक्क त्याच्याबरोबर ओलांडत नाहीत. शिधापत्रिकेवरचे धान्य आता दुसऱ्या राज्यातही मिळू शकते, ही सुधारणा अलीकडची आहे आणि मोलाची आहे. पण मत मात्र गावीच द्यावे लागते. अनुसूचित जमातींची यादी राज्यवार असते, आणि एका राज्यात अनुसूचित जमातीचा असलेला माणूस दुसऱ्या राज्यात स्थलांतरित झाला तर तेथे तो त्या राज्याच्या सवलतींना पात्र ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये मारी चंद्रशेखर राव प्रकरणात स्पष्ट केले. त्यामागे कारण आहे: एखादा समाज एका प्रदेशात ज्या परिस्थितीमुळे मागे पडला, तीच परिस्थिती दुसरीकडे असेलच असे नाही. हे कारण मुंबईहून दिल्लीला गेलेल्या कुटुंबाच्या बाबतीत पटते. नवापूरहून उच्छलला गेलेल्या कुटुंबाच्या बाबतीत ते आम्हांला तितकेसे पटत नाही, कारण १९६० पूर्वी तो एकच मुलूख होता. असे मत असणे आणि ते शांतपणे, कारणे देऊन मांडणे, हेही नागरिकत्वच आहे. मुलांनी आमच्याशी असहमत व्हावे. मात्र प्रश्न त्यांना माहीत असावा.

येथे आमच्याच शिक्षकखोलीतील एक आक्षेप नोंदविला पाहिजे. आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे म्हणणे असे, की ज्या मुलांना ग्रामसेवकाच्या नावे अर्ज लिहिता येत नाही, त्यांना मास्त्रिख्त कशाला शिकवता? पेसा कायदा १९९६ चा, महाराष्ट्राचे त्याखालील नियम २०१४ चे. त्या नियमांनुसार एखादा पाडासुद्धा स्वतःला गाव म्हणून घोषित करवून घेऊन स्वतःची ग्रामसभा भरवू शकतो. पेसा ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के अबंध निधी थेट मिळतो आणि तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभा ठरवते. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलावरील सामूहिक हक्क मागता येतात. हे सोडून युरोप? आक्षेप खरा आहे, आणि आम्ही त्याचा निम्मा भाग स्वीकारतो. अर्ज आधी शिकवला पाहिजे. परंतु आमचा अनुभव असा, की ग्रामसभा ‘आपलीच आहे म्हणून’ शिकवली, तर मुले ती पावसासारखी गृहीत धरतात. दुसरीकडे कुठेतरी माणसांनी बसून, भांडून, लिहून नागरिकत्व तयार केले हे कळल्यावरच, आपल्याकडचेही कुणीतरी तयार केलेले आहे आणि ते मोडूही शकते, हे त्यांच्या ध्यानात येते. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला ऊसतोडीला गेलेली माणसे नसतात, ही गोष्ट त्या वर्गातील मुलांनीच आम्हांला सांगितली. आणि ती त्यांनी पोलंडच्या गवंड्याला जर्मनीत मत देता येते हे ऐकल्यानंतर सांगितली, आधी नव्हे.

युरोपाची आरती करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. जो युरोप शिकवायचा, त्यात ओस्त्रावा हे गाव आलेच पाहिजे. चेक प्रजासत्ताकातील या शहरात रोमा, म्हणजे ज्यांना जिप्सी म्हणून हिणवले जाते त्या समाजाच्या मुलांना मतिमंदांसाठी असलेल्या ‘विशेष शाळां’त घालण्याची रीत होती. रोमा मूल तेथे पाठवले जाण्याचे प्रमाण इतर मुलांच्या सत्तावीस पटींहून अधिक असल्याचे न्यायालयापुढे मांडले गेले. अठरा मुलांच्या वतीने लढला गेलेला हा दावा स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेला आणि १३ नोव्हेंबर २००७ रोजी मोठ्या पीठाने तो भेदभाव असल्याचा निर्णय दिला. (हे न्यायालय युरोपीय संघाचे नव्हे, युरोप परिषद या वेगळ्या संघटनेचे; आम्हीही बराच काळ दोन्ही एकच समजत होतो.) ती मुलेही कागदोपत्री नागरिकच होती. नागरिकत्व असूनही वर्गाबाहेर बसविले जाणे म्हणजे काय, हे साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर बसलेल्या भीमरावाची गोष्ट ऐकलेल्या मुलांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आणि म्हणूनच पुढची गोष्ट घडली असावी. हंगेरीच्या ईशान्येस शायोकाझा नावाचे खेडे आहे. तेथे रोमा मुलांसाठी काम करणारे तिबोर देरदाक आणि स्वतः रोमा असलेले यानोश ओरशोश यांच्या हाती बाबासाहेबांविषयीचे लेखन पडले. आपलेच वर्णन वाचतो आहोत, असे त्यांना वाटले. ते महाराष्ट्रात आले, त्रैलोक्य बौद्ध महासंघाच्या कार्यकर्त्यांना भेटले, बौद्ध वस्त्या पाहिल्या, बौद्ध धम्म स्वीकारला आणि परत जाऊन ‘जयभीम’ नावाचा संघ स्थापन केला. २००७ मध्ये शायोकाझा येथे त्यांनी शाळा काढली. तिचे नाव डॉ. आंबेडकर विद्यालय. इतर शाळांनी सोडून दिलेली तरुण मुले तेथे शालान्त परीक्षेला बसतात. युरोपात एका बौद्ध संस्थेने चालवलेली, अव्हेरलेल्या समाजाच्या मुलांची शाळा आहे आणि तिच्या भिंतीवर बाबासाहेबांचे चित्र आहे, हे आम्ही सांगितले तेव्हा वर्गात आधी कुणाचा विश्वास बसेना. मग रोमा लोकांच्या भाषेतले शब्द फळ्यावर लिहिले: पाण्याला ‘पानी’, नाकाला ‘नाक’, कानाला ‘कान’. सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून निघालेल्या लोकांची ती बोली आहे. त्या दिवशी युरोप नकाशाच्या वरच्या बाजूला राहिला नाही.

शायोकाझाच्या गोष्टीने आमची छाती फुगावी, असे कुणाला वाटेल. आमची मान थोडी खाली गेली, आणि त्याचे कारण सांगणे या स्मरणिकेत आवश्यक आहे. गौरवाचे लेख इतरांनी लिहिलेले असतीलच. तेथे शाळा चालविणारे आणि शिकणारे पुष्कळसे एकाच समाजाचे आहेत. येथे तसे नाही. आमची संस्था बौद्ध आहे. आमची बहुतेक मुले भिल्ल, मावची, कोकणी घरांतून येतात. आम्ही त्यांना घरापासून दूर आणून ठेवतो, सकाळी वंदनेला बसवतो, मराठीत बोलायला लावतो. सद्भावना आमच्यापाशी आहे. पण ओस्त्रावाच्या शिक्षकांपाशीही ती नव्हती, असे म्हणता येणार नाही. मूल पहिल्या वर्षी गप्प बसते तेव्हा आम्ही शेऱ्यात ‘अबोल’ असे लिहितो. त्याला आमची भाषा येत नाही, की आम्हांला त्याची, हे आम्ही कधी तपासले? २०२० च्या प्रजासत्ताक दिनापासून राज्यातील शाळांत उद्देशिकेचे सामूहिक वाचन होऊ लागले. आमच्या शाळेत ते खणखणीत आवाजात होते. त्यातील ‘विचार, अभिव्यक्ती’ हे शब्द म्हणून झाल्याबरोबर ‘गप्प, रांगेत चला’ असा हुकूम येतो, आणि तो देणारे आम्हीच असतो.

संविधान सभेत १९ डिसेंबर १९४६ रोजी बोलताना जयपालसिंग मुंडा यांनी सभासदांना बजावले होते, की आदिवासींना लोकशाही शिकवायला जाऊ नका, ती त्यांच्याकडून शिकण्याची वस्तू आहे. हे जयपालसिंग ऑक्सफर्डला शिकले होते आणि १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारतीय हॉकी संघाचे कर्णधार होते. युरोप पाहून आलेला माणूस आपल्या लोकांविषयी असे बोलला, हे मुलांना मुद्दाम सांगावे. आणि २५ नोव्हेंबर १९४९ रोजी त्याच सभेत बाबासाहेबांनी दाखवून दिले, की ठराव, गणसंख्या, मतदान हे संसदीय नियम या भूमीला परके नव्हते. भिक्खुसंघाच्या सभा त्यांनुसार चालत. विनयात शलाका वाटून मत घेण्याची पद्धत सांगितलेली आहे. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीपासून उसनी घेतलेली नसून आपले गुरू तथागत बुद्ध यांच्यापासून घेतली आहेत, हे त्यांनी १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात सांगितले. तेव्हा आठवीचे ते प्रकरण शिकवताना १७८९ पाशी थांबून वैशालीच्या वज्जींकडे वळता येते. वारंवार एकत्र जमणे आणि एकमताने कामे करणे, ही त्यांच्या टिकून राहण्याची पहिली दोन लक्षणे भगवंतांनी सांगितली होती. पाड्यावरच्या पंचांना ती नवी वाटणार नाहीत.

या सगळ्यातून आम्ही काय केले, ते थोडके आहे. भोजनगृहाची समिती पूर्वी आम्ही नेमत असू. आता मुले ती गुप्त मतदानाने निवडतात. पहिल्याच बैठकीत समितीने ठराव केला, की आठवड्यातून एकदा भाकरी नाचणीची असावी आणि शेऱ्यातील ‘अबोल’ हा शब्द बंद करावा. दुसरा ठराव भोजनगृहाच्या कक्षेत येतो का, यावर शिक्षकखोलीत बरीच चर्चा झाली. तो मान्य झाला.

आणखी एक गोष्ट करावी, असा आमचा आग्रह आहे आणि ती एकट्या शाळेच्या आवाक्यातील नाही. जानेवारी २००३ मध्ये बर्लिनला फ्रान्स व जर्मनीची सुमारे ५०० शाळकरी मुले युवक-संसद म्हणून जमली होती. त्यांनी मागणी केली, की दोन्ही देशांत एकच इतिहासाचे पुस्तक असावे. ज्या देशांनी सत्तर वर्षांत तीन युद्धे केली, त्यांनी ती मागणी मानली. २००६ मध्ये पहिला खंड निघाला, मजकूर तोच, एक आवृत्ती फ्रेंचमध्ये, एक जर्मनमध्ये. ती मागणी मंत्र्यांची नव्हती, मुलांची होती. महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात तर कधी युद्ध झाले नाही. मग नवापूर-उच्छल-निझर या पट्ट्यातील मुलांसाठी चाळीस पानांची एक सामाईक पुस्तिका दोन्ही राज्यांच्या पाठ्यपुस्तक मंडळांना का काढता येऊ नये? १९६० च्या आधीचा मुलूख, तापी आणि उकाई, ऊसतोडीचे रस्ते, दोन्हीकडे लागू असलेले पेसा आणि वनहक्काचे कायदे, कोणता दाखला सीमेपलीकडे चालतो व कोणता नाही. मराठीत एक, गुजरातीत एक, आणि मावचीत एक.

युरोपीय नागरिकत्व आपल्यापासून फार दूर आहे, असेही कुणी समजू नये. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण किंवा दीव येथे जन्मलेल्यांना व त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालचे नागरिकत्व मागता येते, आणि ते घेऊन हजारो गोवेकर युरोपात गेले आहेत. मात्र भारत दुहेरी नागरिकत्व मानत नसल्याने त्यांना भारताचे सोडावे लागते. हे ऐकून एका मुलाने विचारले, की मग त्यांच्या गावच्या जत्रेला ते येऊ शकतात का. येऊ शकतात, व्हिसा वा त्यासारखा कागद काढून. वर्गाला हे फार वाईट वाटले.

पुस्तिका निघेल तेव्हा निघेल. तोवर आठवीच्या वर्गाने सीमेपलीकडील एका शाळेतील आठवीला पत्र लिहायचे ठरवले आहे. पत्र कोणत्या भाषेत असावे यावर दोन तासिका वाद झाला. मराठी त्यांना वाचता येणार नाही, गुजराती आपल्याला लिहिता येत नाही, हिंदी दोघांचीही परकी. शेवटी मावचीत लिहायचे ठरले. देवनागरीत, कारण ती लिपी हिंदीमुळे त्यांनाही येते. मसुदा तयार आहे. त्यातील दोन शब्दांचे लेखन कसे करावे यावर एकमत झालेले नसल्यामुळे तो अद्याप टपालात पडलेला नाही.